तांबडवाडीच्या शिवेवरचा गुलाबी दगड

आमच्या घरात दोन वर्षं एका दगडावरून भांडण चालू होतं. ते नवरा-बायकोतलं नव्हतं, म्हणून मी त्यात पडले नव्हते. भांडण होतं आमचे हे आणि साताऱ्याचे भाऊसाहेब यांच्यातलं. हे सांगलीच्या हायस्कुलात शास्त्र शिकवतात. भाऊसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. दोघांनाही खडकांचं वेड. आयुष्यात दोनदाच भेटलेली ही माणसं पुण्याच्या एका मासिकातून महिन्याआड एकमेकांवर इतकं लिहीत, की अंक हातात देताना पोस्टमन विचारायचा, "या खेपेला कुणाची पाळी?"

भांडण काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचा प्रवास कळायचा नाही. औंधापासून दोन-अडीच कोसांवर तांबडवाडी म्हणून एक वाडी आहे. तिथं एका ओढ्याच्या रेषेवर जमीन तुटलेली आहे. कधीकाळी एक बाजू खाली घसरली आणि दुसरी जागच्या जागी राहिली. शास्त्रात याला भ्रंश म्हणतात. इथवर दोघांचं एकमत. पण दोन वर्षांपूर्वी हे एकटेच तिकडं गेले आणि त्या भ्रंशाच्या रेषेवर यांना एक गुलाबी दगड सापडला. नारळाएवढा, उन्हात चमचमणारा, एका कडेला काळी रेघ असलेला. आपल्या सातारा-सांगलीकडं कुठंही खणा, थिजलेल्या लाव्ह्याचा काळा कातळ लागतो. गुलाबी ग्रॅनाइट असलाच तर त्याच्याही खाली, फार खोल. मग हा वर कसा आला? हे म्हणाले, जमीन तुटताना खालचा खडक भेगेतून वर रेटला गेला. भाऊसाहेब म्हणाले, साफ चूक. फार पूर्वी दक्षिणेकडून एखादी नदी इथून वाहत असणार, तिनं तो आणून टाकला. थोडक्यात, यांचा दगड खालून आला होता आणि भाऊसाहेबांचा बाजूनं.

तो दगड आमच्या मेजावर असायचा. त्याचा एक कोपरा यांनी कापून कलकत्त्याला पाठवला होता. तिथून तो कागदाहून पातळ घासून, काचेच्या पट्टीवर चिकटवून परत आला. उरलेला दगड मी रोज सकाळी फडक्यानं पुसत असे. पगारवाढ नाही, बढती नाही, अशा नोकरीत यांना आयुष्यात सापडलेली ही एकच गोष्ट होती, म्हणून मी तो जरा जास्तच निगुतीनं पुसायची.

पुण्याच्या मासिकाच्या मंडळींनी दोघांना सभेत बोलायला बोलावलं, आणि त्याआधी जागा एकत्र जाऊन बघा असंही सुचवलं. दोघं तयार झाले, पण टिपणं कोणी घ्यायची यावर अडलं. शेवटी भाऊसाहेबांचं पत्र आलं, "वहिनींना आणावं. त्यांना या विषयातलं काही कळत नसल्यानं त्यांची टिपणं निःपक्षपाती होतील." इतक्या जाहीरपणे माझ्या अज्ञानाचा गौरव आजवर कुणी केला नव्हता. मी नवीन वही घेतली आणि निघाले.

तिकडं जायचं असेल तर सांगलीहून मिरजेपर्यंत टांगा करावा आणि पुण्याकडं जाणारी सकाळची गाडी धरावी. पौषातल्या थंडीत निघालात तर शाल वर ठेवा, ट्रंकेच्या तळाशी नको. लढाई संपून वर्ष उलटलं होतं, तरी डब्यात अजून घरी परतणारे शिपाई होते. काळ्या ट्रंका, खाकी पिशव्या आणि गावाकडच्या बातम्यांची भूक. माझं माहेर तासगावचं, त्यामुळं भिलवडी येईपर्यंत मी खिडकीतून ओळखीची शेतं मोजत होते. हे समोरच्या बाकावरच्या शिपायाला भ्रंश समजावून सांगत होते, आणि तो प्रत्येक वाक्याला "व्हय जी" म्हणत होता. ताकारीला तो उतरला तेव्हा त्याची पिशवी घ्यायला आलेला भाऊ वाकून म्हणाला, "दगडं भरल्यात काय रं?" शिपाई हसला. "एकच हाय." मी ते ऐकलं आणि विसरूनही गेले. यांनी ऐकलंच नाही, कारण हे वहीवर शिपायाच्या उपयोगासाठी काढलेली आकृती पुसत होते.

रहिमतपूर स्टेशनापासून गाव बरंच लांब आहे, हे माहीत नसलेला माणूस स्टेशनावर उतरून गाव शोधत राहतो. आम्ही शोधत होतो तेवढ्यात भाऊसाहेब आले. साताऱ्याहून मोटारीनं आलेले. पेट्रोल अजून मिळत नाही, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात आणि उतारू काजळी घेऊन उतरतात. भाऊसाहेबांचा पांढरा कोट राखी झाला होता. त्यांनी मला नमस्कार केला आणि यांना विचारलं, "दगड आणलाय ना?" यांनी खांद्यावरच्या पिशवीवर थाप मारली. झाली भेट.

गावात धर्मशाळा स्वच्छ आहे. मुक्कामाचे पैसे घेत नाहीत, पण दिवाबत्तीसाठी काहीतरी ठेवायची पद्धत आहे. साखर रेशनवर, त्यामुळं चहा गुळाचा मिळतो. बाजारपेठ मोठी, धान्याच्या पोत्यांनी भरलेली. जेवायला आमच्या दशम्या होत्या आणि भाऊसाहेबांनी साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे. पेढा खाताना तरी दगडाचा विषय निघणार नाही असं मला वाटलं होतं. भाऊसाहेबांनी पेढ्याचे दोन तुकडे करून एक खाली सरकवला आणि म्हणाले, "समजा, हा तुमचा भ्रंश."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बैलगाडी केली. औंधपर्यंत गाडीला चांगला अर्धा दिवस लागतो. रस्ता बरा आहे, पण बसायला गोधडी घ्यावी. दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, कणसं भरत आलेली. गाडीवानाचं नाव ज्ञानू. तासभर त्यानं मागच्या दोघांचं बोलणं ऐकलं आणि मग वळून विचारलं, "सायेब, तितं सोनं हाय व्हय?"

"नाही," हे म्हणाले.

"मंग पानी?"

"नाही बाबा, पाण्याचा काही संबंध नाही."

"आहे," भाऊसाहेब म्हणाले, "पूर्वी होतं. नदी होती."

ज्ञानूनं बैलांच्या पाठीवर हात फिरवला. "नदी व्हती, ती गेली. सोनं न्हाई. आन् तुमी दोगं मानसं दगूड बगाय चाललाय." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "आन् बाई कशापायी?" मी वही दाखवली. त्यानं मान डोलावली आणि औंध येईपर्यंत फक्त बैलांशी बोलला.

औंधात राहायची सोय चांगली होते. संस्थानचं चित्रांचं संग्रहालय बघायला अर्धा दिवस राखून ठेवा. आम्ही पाऊण तास राखला, कारण आमच्या दोघा विद्वानांना चित्रांपेक्षा पुतळ्यांखालच्या चौथऱ्यांचा दगड कुठला याची काळजी होती. यमाईच्या डोंगराला पायऱ्या आहेत. मी देवीची ओटी भरून खाली आले, तेव्हा हे दोघं अजून अर्ध्या वाटेवर एका पायरीपाशी उकिडवे बसले होते. येणारी-जाणारी माणसं त्यांना देवीचे नवस फेडणारे समजून वळसा घालून जात होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तांबडवाडीला पोचलो. वाडी वीस-पंचवीस घरांची. बऱ्याच घरांतला एक तरी माणूस पलटणीत गेलेला. खाली ओढा, आणि ओढा हीच हद्द: अलीकडं औंध संस्थान, पलीकडं इंग्रज सरकार. तुटलेल्या जमिनीची रेषाही तिथूनच जाते. मला काही कळत नाही हे ठरलेलंच होतं, पण डावीकडच्या टेकडीतला तांबड्या मातीचा पट्टा उजवीकडं दोन पुरुष उंचीइतका खाली उतरलेला मलासुद्धा दिसला. ते पाहून मला खरंच बरं वाटलं. इतकं मोठं काहीतरी इथं घडून गेलं होतं आणि वर निवांत शेळ्या चरत होत्या.

ओढ्याच्या काठानं, बरोबर रेषेवर, दगडांची एक लांबट रास होती. दहा पावलांवर बाभळीखाली शेंदूर लावलेला म्हसोबा. हे राशीपाशी गेले आणि थबकले. दोन वर्षांपूर्वी यांना इथं एकच वेगळा दगड दिसला होता. आता कितीतरी होते. पांढरा, हिरवट, पिवळा, चपटा, गोटा, वाळूच्या दाण्यांचा बनलेला. "दोन पावसाळ्यांनी माती धुऊन नेली," हे आनंदानं म्हणाले. "खालचं सगळं उघडं पडलं."

"गोटे बघा," भाऊसाहेब म्हणाले. तेही तितकेच आनंदात होते. "हे वाहत्या पाण्याशिवाय असे गुळगुळीत होतील का? वहिनी, लिहा. गुळगुळीत."

मी वहीच्या डाव्या पानावर यांचं म्हणणं आणि उजव्या पानावर भाऊसाहेबांचं लिहीत होते. सतरा दगड निवडले, सतरा आकडे घातले. सतराही दगडांनी दोघांची मतं बळकट केली. बारा नंबरचा काळा दगड दिसायला अगदी साधा होता, पण त्यावर दोघं सर्वांत जास्त भांडले. यांच्या मते तो भेगेत भरडला गेलेला होता. भाऊसाहेबांच्या मते नदीनं घासलेला.

तेवढ्यात पाण्याची घागर घेऊन एक बाई ओढ्याला आली. वय बावीस-तेवीस, कपाळाला मोठं कुंकू. ती बाकीच्या दोघांकडं न बघता थेट माझ्याजवळ आली. "बाई, त्यास्नी म्हणावं तितल्या दगडास्नी हातोडी लावू नका."

मी विचारलं, का?

तिचं नाव हौसा. तिनं घागर खाली ठेवली आणि इतक्या साधेपणानं सांगितलं, की क्षणभर मला वाटलं हे मला आधीपासून ठाऊक असायला हवं होतं. वाडीतला माणूस पलटणीत गेला, की परत येताना जिथं राहिला तिथला एक दगड घेऊन येतो आणि घरात पाऊल टाकायच्या आधी शिवेवर म्हसोबापुढं ठेवतो. "देवाला कळाय नको व्हय, पोरगं कुठनं आलं ते? हितनं गेला तवा देवानं बगितला. कुठं ऱ्हायला ते देवाला कसं ठावं?" पहिल्या लढाईपासून चालत आलेलं हे, इथं आणि ताकारीकडच्या सोयऱ्यांच्या गावांतही. आता लढाई संपली, माणसं परतली, रास वाढली.

मला हसू आलं. अगदी पोटातून आलं. दोन वर्षं, मासिकाचे बारा अंक, कलकत्त्याचा खर्च, आणि दगड आले होते खाकी पिशव्यांतून. ताकारीला उतरलेला शिपाई आठवला. मी वही मिटली आणि समोरच्या दोघांकडं बघितलं. दोघं चपट्या गोट्यावर वाकले होते. हे सांगितल्यावर त्यांची तोंडं कशी होतील याची मी चव घेत होते, हे कबूल करते.

हौसा मात्र हसत नव्हती. "एक दगूड आदीच गेलाय," ती म्हणाली. "माझ्या मालकाचा."

तिचा नवरा श्रीपती आफ्रिकेत एका डोंगरावरच्या लढाईत मारला गेला. पलटणीचं पत्र आलं. शेजारचा भिकू त्याच्याबरोबर होता, त्यानं स्वतः माती लोटली होती. भिकू जखमी होऊन परतला, तेव्हा त्यानं श्रीपतीच्या अंगावरच्या मातीशेजारचा एक दगड आणून त्याच्या नावानं इथं ठेवला. "गुलाबी हुता. चमकायचा. येका कडंला काळी रेग."

पोटातलं हसू कुठं गेलं ते कळलं नाही.

"दोन वर्सांमागं येक टोपीवाला आला हुता," ती सांगत होती. "तवा चळवळीतल्या मानसांची धरपकड चालली हुती. पोलिसातला असंल म्हणून समदी रानात पळाली. दुसऱ्या दिशी बगितलं तर दगूड न्हाई. मी म्हनलं, त्या टोपीवाल्यानंच न्हेला. सासूबाई म्हनत्यात, कशाला न्हेतोय? शिवंवरचा देवाचा दगूड परका का उचलंल, त्याला काय करायचाय? गावातला तर कोन हात लावनार न्हाई. मंग ऱ्हायलं कोन? ज्याचा हाय त्यो. म्हंजी त्यो जित्ता हाय. येऊन आपला दगूड घेऊन गेला, लपूनछपून हाय, कवातरी घरला येनार."

तिसरा सिद्धांत, मनात आलं. तिन्हींतला सर्वांत नीट मांडलेला.

"रोज सकाळची पयली भाकर त्याच्या नावानं कोनाड्यात ठेवत्यात," हौसा म्हणाली. "माझा बा पाट लावून दुसऱ्या घरी द्याया बगतोय. रहिमतपूरच्या अंगाला चांगली जागा हाय. पर सासूबाई म्हनत्यात, जित्त्या नवऱ्याच्या बायकूचा पाट कसा लावायचा?" तिनं घागरीच्या काठावरून बोट फिरवलं. "मला त्यांचं मन मोडवत न्हाई. पर तुमी शिकलेल्या दिसताय. बाई, दगूड आपसूक जातो व्हय?"

आता मी काय करावं? गप्प बसले असते तर एका आईचा मुलगा जिवंत राहिला असता आणि माझ्या नवऱ्याचा दगडही. बोलले तर दोघंही जाणार होते. पण समोर ही पोर उभी होती, जिच्या आयुष्यावर तो दगड दोन वर्षं ठेवलेला होता, आणि मी तो रोज सकाळी फडक्यानं पुसत होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

"हौसा," मी म्हणाले, "तो दगड माझ्या घरी होता."

मग मी त्या दोघांना बोलावून पलटणीच्या दगडांची गोष्ट सांगितली. श्रीपतीची नाही, आधी फक्त रीत. हे म्हणाले, "लोककथा आहे." भाऊसाहेब म्हणाले, "अगदी बरोबर." दोन वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि ते हौसाच्या विरुद्ध झालं. "पुरावा काय?" यांनी विचारलं. "हो, पुरावा," भाऊसाहेब म्हणाले.

हौसा राशीपाशी गेली आणि त्यांनी आकडे घातलेल्या दगडांसमोर एकेक करून उभी राहिली. "ह्यो नामाचा. इटलीचा. तितं घरंच असल्या दगडाची म्हनं. ह्यो धोंडीचा, ब्रह्मदेशातल्या नदीतला."

"नदीतला," भाऊसाहेब पटकन म्हणाले, आणि मग त्यांनी खाली बघितलं.

"ह्यो पिवळा मिसरचा. ह्यो माझ्या चुलतसासऱ्याचा, पयल्या लढाईतला, बसऱ्याचा." ती बारा नंबरपाशी आली. दोघंही जरा पुढं वाकले. "ह्यो व्हय? ह्यो हितलाच. बसाय ठेवलाय."

मी डाव्या आणि उजव्या पानांवरचं सगळं खोडलं आणि मधोमध सोळा नावं लिहिली. माझ्या वहीतलं तेवढंच लिखाण नंतर खोडावं लागलं नाही.

"अहो," मी यांना म्हणाले, "पिशवीतला दगड काढा." हे माझ्याकडं बघत राहिले. मग हौसाकडं बघितलं. यांनी पिशवी उघडली आणि दगड बाहेर काढला. वर यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. हौसानं हात पुढं केला नाही, नुसतं बघितलं. मी तिथंच यांना सगळं सांगितलं. भाऊसाहेबांनी टोपी काढली.

"म्हसोबा दिसला नाही तुम्हांला?" मी विचारलं. वाजवीपेक्षा कडक विचारलं.

"मी खडक बघत होतो," हे म्हणाले.

मला वाटलं होतं दगड राशीवर ठेवून आम्ही निघू. भाऊसाहेबांनी तसं सुचवलंही. म्हणाले, गुपचूप ठेवून द्यावा, म्हातारीला कशाला दुखवायचं. पण हे म्हणाले, "गुपचूपच उचलला होता." आणि हौसाच्या मागोमाग वाडीत चालू लागले. लग्नाला बारा वर्षं झाली, यांच्या पुष्कळ गोष्टी मला खटकतात, पण त्या दिवशी त्या चढावर मी यांच्या मागं अभिमानानं चालले.

हौसाची सासू, गोजराबाई, दारात ज्वारी पाखडत बसली होती. यांनी तिच्या पुढ्यात खाली मातीत बैठक मारली आणि दगड सुपाशेजारी ठेवला. "आजी, हा मी नेला होता. दोन वर्षांपूर्वी. कुणाचा आहे हे मला माहीत नव्हतं."

तिनं सूप बाजूला केलं. दगड मांडीवर घेतला. सगळीकडून हात फिरवला आणि कापलेल्या कडेवर तिचा अंगठा थांबला. "ह्यो कोपरा?"

"मी कापला. आत काय आहे ते बघायला."

"मंग? काय दिसलं?"

यावर मासिकाचे बारा अंक भरले होते. "इथला नाही, आजी," हे म्हणाले. "फार लांबचा आहे."

"ते मला ठावं हाय," म्हातारी म्हणाली.

मग ती दगडाशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मला वाटलं त्योच आला हुता." ती रडली नाही. उठली, आत गेली, कोनाड्यातली भाकरी घेऊन आली. तिचे चार तुकडे केले, वर ठेचा ठेवला आणि आम्हां तिघांच्या आणि हौसाच्या हातावर एकेक दिला. "खावा," ती म्हणाली. "लांबनं आलाय."

ती भाकरी मी कशी खाल्ली ते मला आठवत नाही. भाऊसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ठेच्याला दोष देत होते.

परतीचा रस्ता तोच, त्यामुळं पुन्हा सांगत नाही. गाडीवानही तोच होता. यांच्या पिशवीकडं बघून त्यानं विचारलं, "काय घावलं न्हाई व्हय?" औंध ते रहिमतपूर दोघं विद्वान एकाच गोधडीवर बसून गप्प आले.

पुण्याच्या सभेत दोघांनी मिळून उभं राहून आपापली मतं मागं घेतली. अध्यक्षांनी त्यांचे आभार मानले. लगेच एका तिसऱ्या गृहस्थांनी उठून विचारलं, तो गुलाबी दगड आकाशातून पडलेला तर नसेल? पुढचा अंक त्यांचा आहे असं ऐकते. आमचा पोस्टमन नाराज आहे.

महिन्याभरानं औंधाहून पत्र आलं, शाळामास्तरांकडून लिहून घेतलेलं. खुशाली, मग एकच मजकूर: "कापलेला कोपरा परत करावा. पोरगा इथं अर्धा आणि तुमच्याकडं अर्धा, हे बरं नाही. गोजराबाई." यांनी ते पत्र दोनदा वाचलं. कोपऱ्याचं कलकत्त्याला पीठ झालं होतं. उरली होती ती काचेवरची पातळ चकती. यांनी ती कापसात गुंडाळली, आतल्या खिशात ठेवली, भिंग घेतलं आणि रजा काढून एकटेच गेले. कोळशाच्या मोटारीनं, बैलगाडीनं आणि शेवटचे अडीच कोस चालत.

चौथ्या दिवशी परत आले. मी पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, काय झालं?

हौसा तिथं नव्हती. तिचा बाप येऊन घेऊन गेला होता. पाट लागला, माणूस चांगला आहे म्हणतात. साडी-चोळी सासूनंच नेसवून पाठवली. दगड राशीवर आपल्या जागी होता, आणि त्यावरची यांची चिठ्ठी कुणीतरी धुऊन काढली होती. कोपऱ्यातून एवढंच उरलं, असं यांनी गोजराबाईला सांगितलं आणि काच उन्हात धरून भिंगातून बघायला दिली. तिनं बराच वेळ बघितलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

यांनी खिशात हात घातला आणि कापसाची पुरचुंडी मेजावर ठेवली, दगड असायचा त्याच जागी. "म्हणाली, दोन वर्सं तुमच्या घरात हुता. कुनी पुसत हुतं का त्याला? मी म्हणालो, हो, बायको पुसायची. रोज. तेव्हा तिनं ही परत दिली. म्हणाली, मंग येवडा ऱ्हाऊ द्या तिच्यापाशी."

तांबडवाडीला जरूर जा. रहिमतपूरला उतरा, गोधडी घ्या, शाळू भरलेला असताना जा म्हणजे हुरडा मिळेल. जमीन तुटलेली रेषा बघण्यासारखी आहे, ती खरीच आहे, तिच्याबद्दल कुणाचाही वाद नाही. शिवेवरच्या दगडांना मात्र हात लावू नका. एखादा कुठला आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर घागर घेऊन येणाऱ्या बाईला विचारा.

काच आमच्या मेजावर आहे. मी ती रोज सकाळी पुसते.